‘थोडा वेळ हात बांधावे लागतात’ असं संस्था सांगते तेव्हा

तासगाव तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

“माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहे, शब्द चार-पाचच येतात. दोन वर्षांपासून तो मिरज तालुक्यातल्या एका निवासी कार्यशाळेत आहे. प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं, ‘आमच्याकडे मारझोड नाही, आम्ही पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट देतो.’ आता सणाला घरी आणला तर दोन्ही मनगटांवर चट्टे. दिवसभर पेंगत होता, तोंडातून लाळ गळत होती. विचारलं तर अधीक्षक म्हणाले, ‘स्वतःच्या कानशिलात मारून घेतो, म्हणून थोडा वेळ हात बांधावे लागतात. डॉक्टरांची गोळीही चालू आहे.’ आमचे हे म्हणतात, विषय वाढवू नको, काढून टाकला तर बागेचं काम सोडून त्याला कोण बघणार? पण अशा ठिकाणांवर कुणाची देखरेख असते की नाही? आम्ही नेमकं काय विचारू शकतो?”

ताई, तुम्ही विचारू शकता, आणि विचारायलाच हवं. पण संस्थेत जाण्याआधी दोन गोष्टी याच आठवड्यात उरका, कारण चट्टे पुसट होतात आणि मग बोलायला पुरावा उरत नाही.

दोन्ही मनगटांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे चट्ट्याची रुंदी कळते. दोरी, ओढणी आणि पट्टा यांच्या खुणा वेगळ्या असतात. मग त्याला सरकारी रुग्णालयात दाखवा, सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं. केसपेपरवर ‘दोन्ही मनगटांवर बांधल्यासारख्या खुणा’ अशी नोंद व्हायला हवी. बांधल्याचं सांगितलंत की डॉक्टर बहुधा एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण नोंदवतील आणि पोलिसांना कळवतील. घाबरू नका, पण हे होऊ शकतं हे आधी घरात बोलून ठेवा.

दुसरं गोळीचं. संस्थेकडून औषधाची मूळ चिठ्ठी मागून घ्या. पेंगणं, लाळ, अंग ताठरणं, वजन वाढणं हे रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत. डोस जास्त झाला किंवा वर्षानुवर्षं तपासलाच नाही तर ते ठळक होतात. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने त्रास उसळतो. मनोविकारतज्ज्ञांना विचारा: ही कशासाठी दिली, कधी कमी करायची, वजन आणि रक्तातली साखर किती महिन्यांनी बघायची. चिठ्ठीवर कुठे ‘एसओएस’ लिहिलं असेल तर जास्तच बारकाईने बघा. त्याचा अर्थ गरज पडली तर द्यायची. पण गरज कुणी ठरवायची, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती द्यायच्या, आणि दिल्याची नोंद कुठे होते, हे लिहिलेलं नसेल तर ती गोळी औषध न राहता गप्प बसवण्याचं साधन होते. रात्रपाळीला एकच माणूस असला की हे हमखास होतं.

त्याच फेरीत कान, दात आणि पोट दाखवा. न बोलणारा मुलगा कानशिलात मारून घेतो तेव्हा आधी कानदुखी आणि दाढ बघतात. बद्धकोष्ठतेनेही वागणं बिघडतं. दुखणं तसंच ठेवून वागणं सुधारायला गेलं की कितीही चांगली योजना फसते.

आता ते ज्या नावाने सेवा देतात त्याबद्दल. ‘मारत नाही’ एवढ्याने पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट होत नाही, आणि हात बांधणं तर त्यात बसतच नाही. ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: त्रासदायक वाटणाऱ्या वागण्यातून त्या माणसाला काहीतरी मिळत असतं. नकोशा जागेतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, किंवा अंगाला लागणारी एखादी संवेदना. यातलं नेमकं काय मिळतंय हे शोधायचं, ती वेळ येऊच नये अशी दिनचर्या बदलायची, आणि तेच मिळवायचा सोपा, इजा न करणारा मार्ग शिकवायचा. शोध लागतो तो एबीसी नोंदीतून: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं.

नोंद खरी आहे की शोभेची, हे एका पानावरून कळतं. ‘आज खूप त्रास दिला, शांत केले’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. कामाची नोंद अशी असते: ‘दुपारी १२:४०. जेवणाची रांग, मागे ताटांचा आवाज. उजव्या हाताने कानशिलात सहा वेळा मारलं. ताईंनी रांगेतून बाहेर व्हरांड्यात नेलं. दोन मिनिटांत थांबला.’ अशी दहा-पंधरा पानं एकापुढे एक ठेवली की चित्र दिसतं. मारून घेतलं की गोंगाटातून सुटका होते, हे मुलगा शिकलेला आहे. मग उपाय बांधण्याचा राहत नाही. त्याला रांग लागण्याआधी दहा मिनिटं जेवायला बसवायचं, आणि ‘बाहेर’ असं चित्र असलेलं कार्ड हातात द्यायला शिकवायचं. सुरुवातीला कार्ड दाखवलं की लगेच, दर वेळी बाहेर न्यायचं. इथे ‘थांब जरा’ झालं की कार्ड फुकट जातं, कारण कानशिलात मारण्याचा रस्ता अजून जास्त भरवशाचा असतो.

तुमच्या बागेचा माल निर्यातीला जातो तेव्हा फवारणीची वही कशी असते? तारीख, औषध, मात्रा, कुणी मारलं. ती वही नसेल तर माल कितीही चांगला असो, पुढे जात नाही. मुलाच्या वागण्याच्या नोंदीकडे त्याच नजरेने बघा.

चांगली योजनाही मोडते, आणि मोडण्याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. दिवसपाळीला माहीत असलेलं रात्रपाळीला कुणी सांगत नाही. काळजीवाहक बदलतो आणि कार्ड कपाटात जातं. लक्ष वेधण्यासाठीचं वागणं दुर्लक्षून घालवायचं ठरलं तर पहिले काही दिवस ते आधी वाढतं. हे ठाऊक नसलेले कर्मचारी तिसऱ्या दिवशी हात टेकतात, आणि मुलाला कळतं की अजून जोरात केलं की मिळतं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर नुसतं दुर्लक्ष करायचंच नसतं. उशी आडवी धरून मार अडवायचा आणि जागा बदलायची.

बंधनं पाच प्रकारची मानली जातात: माणसाने धरून ठेवणं, दोरी-पट्ट्याने बांधणं, औषधाने गुंगवणं, एकट्याला खोलीत कोंडणं, आणि दार-कपाट-वस्तू कुलूपबंद ठेवणं. संस्था बहुधा पहिल्या दोनांनाच बंधन समजते. पोटावर पालथं पाडून दाबून धरणं तर कुठेच, कुणीही करू नये. त्यात श्वास कोंडून माणसं दगावलेली आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम ९७ मनोरुग्णालयांसाठी आहे, तरी ते जवळ ठेवा. एकट्याला कोंडायला त्यात पूर्ण मनाई आहे. तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, अगदी गरजेपुरता वेळ अंगाला बंधन घालता येतं. कारण लिहून ठेवावं लागतं, चोवीस तासांत नातलगासारख्या नामनिर्देशित व्यक्तीला कळवावं लागतं, आणि शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. डॉक्टर चोवीस तास असलेल्या रुग्णालयावर एवढी बंधनं आहेत. मग वसतिगृहात काळजीवाहकाने आपल्या मनाने हात बांधले, तर त्याला आधार कशाचा?

तर अधीक्षकांना लेखी पत्र द्या. तोंडी नको, व्हॉट्सॲपवरही नको. साध्या कागदावर, तारीख घालून, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागायचं ते एवढंच: त्याच्या वागण्याची लेखी योजना आणि ती कुणी केली त्यांचा आरसीआय नोंदणी क्रमांक, गेल्या तीन महिन्यांच्या एबीसी नोंदी, हात बांधले त्या प्रत्येक वेळेची नोंद, औषध दिल्याचा तक्ता. बांधल्याच्या नोंदीत सुरू केल्याची आणि सोडल्याची वेळ, कशाने बांधलं, कुणी ठरवलं, त्याआधी काय करून बघितलं, नंतर अंग तपासलं का, घरी कधी कळवलं, एवढं असायला हवं. ‘अशी नोंद ठेवत नाही’ असं उत्तर आलं तर तेही लिहूनच मागा. पंधरा दिवसांची मुदत द्या. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षकांची तिथे नोंदणी लागते, ती मुदतीने नूतनीकरण करावी लागते, आणि क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

भाषा सौम्य ठेवा. पुष्कळ संस्था खरोखर कमी माणसांत आणि उशिरा येणाऱ्या अनुदानात चालतात, आणि काळजीवाहकाला या कामाचं प्रशिक्षण कुणी दिलेलंच नसतं. पत्र आल्यावर जी संस्था बसून बोलते, तिच्याबरोबर पुढे जाता येतं. मात्र नवीन इजा दिसली तर पंधरा दिवस थांबायचं नाही.

पत्राला ‘मुलगा सज्ञान आहे, तुम्हाला कागद देता येत नाहीत’ असं उत्तर येऊ शकतं. यात थोडं तथ्य आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. त्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. समितीवर जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे चौकशी विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. अर्ज अजून केला नसेल तर आता कराच. पालक नेमले गेल्यावर मुलाच्या नावावर काही मालमत्ता असेल तर सहा महिन्यांत तिची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, हे वडिलांनाही सांगून ठेवा. पालकत्व मिळालं म्हणून मुलाचं मत संपत नाही. कुठल्या माणसाजवळ तो आक्रसतो आणि कुणाला बघून पुढे येतो, हे त्याचं सांगणंच आहे आणि तेही लिहून ठेवायचं.

आता देखरेखीचा प्रश्न. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याचं कलम १६ सांगतं की दिव्यांगांसाठीच्या सर्व सेवांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक नजर हवी. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून यासाठी स्वतंत्र आयोग आहे. तिथे बंधन वापरायचं तर ते लेखी योजनेत असावं लागतं, योजना आयोगाकडे जाते, दरवर्षी तपासली जाते, आणि परवानगीविना बांधलं तर पाच कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं. व्हिक्टोरिया राज्यात तर सामान्य नागरिक ‘कम्युनिटी व्हिजिटर’ म्हणून न सांगता संस्थेत जाऊन वह्या बघू शकतात. कागदी तपासणी पुरत नाही हे इंग्लंडने फार महागात शिकलं. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातल्या छळाची खबर तिथल्याच एका परिचारकाने सरकारी तपास यंत्रणेला दिली होती. हालचाल झाली ती २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने तो छळ दाखवल्यावर. अकरा कर्मचारी दोषी ठरले. आपल्याकडेही ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही.

आपल्याकडे वर्तन योजना आणि बंधनांवर नजर ठेवणारी अशी एकच यंत्रणा नाही. अधिकार आहेत, पण विखुरलेले आहेत, आणि कुणीतरी मागितल्याशिवाय ते हलत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. पुढच्या भेटीत त्यावरची मुदत वाचा आणि कशासाठी नोंदणी आहे तेही बघा: दिवसाची कार्यशाळा की निवासी. जिल्ह्यात या संस्थांचं काम जिल्हा परिषदेच्या दिव्यांग आणि समाजकल्याण यंत्रणेकडे आहे आणि राज्यात पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. तपासणी होते तेव्हा हजेरी, इमारत, पदमान्यता आणि अनुदानाचा हिशेब यावर भर असतो. हात बांधल्याची वही दाखवा, असं विचारलं जाण्याची शक्यता कमी. तो प्रश्न तुम्ही तपासणीत घालू शकता.

साधन माहितीच्या अधिकाराचं. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज साधारण दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. मजकूर असा ठेवा: ‘अमुक संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र व त्याची मुदत, मागील तीन वर्षांचे सर्व तपासणी अहवाल, त्यातील त्रुटींबाबत संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, आणि मंजूर व भरलेल्या पदांची यादी यांच्या प्रती मिळाव्यात.’ ‘का केलं नाही’ असे प्रश्न घालू नका. कारणं विचारली की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं छापील उत्तर येतं. दुसऱ्या मुलांची नावंही मागू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं.

पत्राला उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा इजा दिसली, तर तक्रार दोन ठिकाणी करा. पहिली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे (बहुधा तहसीलदार), दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ खाली. छळ थांबवण्याचे, गरज पडल्यास व्यक्तीला तिथून सोडवून सुरक्षित ठिकाणी नेण्याचे आदेश ते देऊ शकतात. अर्ज मिरजेला करायचा, तासगावला नाही. घटना जिथे घडली तिथली हद्द धरतात. दुसरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला. त्यांना चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. साक्षीदार बोलावता येतात, वह्या मागवता येतात. त्यांनी शिफारस केली तर संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि मान्य नसेल तर कारण तुम्हालाही द्यावं लागतं. दोन्ही अर्जांना केसपेपर, फोटो, औषधाची चिठ्ठी आणि पोच घेतलेलं पत्र जोडा. पोलिसांत गेलात तर भारतीय न्याय संहितेची १२६ आणि १२७ ही बेकायदा अटकावाची कलमं आणि दिव्यांग अधिनियमाचं कलम ९२ लागू होतं का, ते बघायला सांगा. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने मुद्दाम अन्नपाणी तोडलं तर तेही ९२ खाली येतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही. एकटीने विचारणाऱ्या आईला ‘मग घेऊन जा’ म्हणणं सोपं असतं. म्हणून पत्र देण्याआधी तिथल्या आणखी तीन-चार पालकांना भेटा. त्यांच्या मुलांच्या मनगटांकडे त्यांनीही बघितलेलं असेल. मग आळीपाळीने भेटी ठरवा, ठरलेल्या रविवारी सकाळी नकोत. संध्याकाळी सहाची दिवेलागण, जेवणाची वेळ आणि पाळी बदलताना जा, कारण बंधनं याच वेळांत पडतात. जाऊन भांडायचं नाही. कोठीच्या खोलीला बाहेरून कडी आहे का, पलंगाच्या पायांना दोरी किंवा कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत का, नोंदवहीत आजची तारीख आहे की आठवड्याभराची पानं एकाच पेनाने एका बैठकीत भरली आहेत, एवढं बघायचं. आल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या.

तरीही काढून टाकायची भाषा आली तर लेखी कारण मागा आणि ते मिळेपर्यंत कुठल्याही ‘स्वखुशीने नेत आहे’ छापाच्या कागदावर सही करू नका. त्याच दिवशी सांगलीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जाला मुलाच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत आणि संस्थेचं ते पत्र जोडायचं.